वच्छलाबाईंच्या शाळेतला पहिला शब्द

औरंगाबाद,
२८ जानेवारी १९८७

पमे,

आधी खाली बस. उभ्यानं वाचू नको, बातमी तशीच आहे!

तुझ्या आईला, आमच्या बाईंना, जाऊन येत्या मार्चात वर्ष होतंय. घरचे विधी तुझे काका आप्पासाहेब करतील, त्यात मी तोंड घालत नाय. पण शाळेच्या अंगणात आपण बाईंची जुनी पोरं जमवायची! सगळी! निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा बाईंनी औरंगपुऱ्यात एका खोलीत शाळा मांडली. तेव्हापासून जितकी बहिरी लेकरं त्यांच्या हाताखालून गेली, तितकी सगळी बोलवायची. आता लेकरं कसली म्हणा, कुणाच्या टकलाला ऊन लागत असेल! बावीस मार्च, रविवार. शाळेच्या नव्या मोठ्या बाईंनी लगेच हो म्हटलं. मीच इतक्या जोरात विचारलं की नाय म्हणायची हिंमत झाली नसेल.

तू म्हणशील, आपा, तुम्ही तर रिटायर झालात, ही उठाठेव कुणी सांगितली? अगं, मी त्या शाळेत आया म्हणून लागले. लेकरांची नाकं पुसायची आणि अंगण झाडायचं, एवढंच येत होतं मला. बाईंनी कान धरून शिकवलं आणि मास्तरीण केलं. आता मी नाय करायचं तर कुणी करायचं?

तू त्यांची एकुलती एक लेक. पहिल्या ओळीत, मधोमध तुझी खुर्ची. नागपूरच्या टेलिफोनवाल्यांना सांग, चार दिवस ते कानाला लावायचं डबडं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर बांधा. आजच रजा टाक. मला रात्रीपासून झोप नाय, लई काम आहे!

तुझी
शहजादी आपा


नागपूर,
४ फेब्रुवारी

शहजादी आपा,

बसून वाचलं. दोनदा वाचलं. तुमचं पत्र वाचताना तुमचा आवाज अगदी कानाशी येतो, तोही ओरडून!

कार्यक्रम करा, झकास करा. पण ती मधली खुर्ची तेवढी काढून टाका. मी येणार नाही म्हणते. रागावू नका, आधी ऐकून घ्या.

तिथं सगळे येणार ते 'आमच्या बाई, आमच्या बाई' करत. मी काय सांगू? मी पाचवीत वक्तृत्वात पहिली आले. बक्षीस घ्यायला स्टेजवर गेले तर खाली सगळ्यांच्या आया बसलेल्या, माझी तेवढी नाही. का, तर शाळेत कुणाला तरी त्या दिवशी 'क' यायला लागला होता! मला ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवायला शेजारच्या चतुराबाई. माझी शाळा तिच्या शाळेच्याच वेळेला, आणि पुढं जरा कळायला लागल्यावर रागानं मी तिकडची पायरीच चढले नाही.

आणखी एक सांगते, हसू नका. गल्लीतल्या आया पोरींना लांबून हाका मारायच्या, 'ए सुमे, घरी ये गं!' माझी आई कधीच तशी हाक मारायची नाही. समोर येऊन उभी राहायची, माझी हनुवटी धरायची, आणि ओठ मिटून-उघडून सावकाश म्हणायची, 'प... मा.' जशी मीही तिच्या वर्गातली बहिरीच. मैत्रिणी नक्कल करून दाखवायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आपा, मला एकच कळायचंय. तिनं सगळा जन्म त्या शाळेत काढला. तिथं तिनं कधी माझं नाव काढलं का? एकदा तरी? काढलं असेल तर मी येते. नसेल तर तिथं कुणाची कोण म्हणून बसू?

तुमची
पमा


औरंगाबाद,
११ फेब्रुवारी

पमे,

गजब झालाय इथं! माझा घसा बसलाय, पाय सुजलेत, आणि पोरगं एक हाती लागलेलं नाय!

जुन्या हजेरीतले पत्ते काढून पोस्टकार्डं टाकली. निम्मी परत आली, निम्म्यांचा पत्ता नाय. मग मी म्हटलं, असं घरात बसून चालायचं नाय. माझा भाचा कमरोद्दीन रिक्षा चालवतो. त्याच्या रिक्षाला भोंगा बांधला! चांगला मोठा, निवडणुकीत बांधतात तसला. मी स्वतः माईक हातात घेतला. शहागंज, सिटी चौक, गुलमंडी, पैठण गेट, क्रांती चौक, काही सोडलं नाय. 'ऐका हो ऐका! वच्छलाबाईंच्या शाळेतल्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांनी ऐका! बावीस मार्चला शाळेत या!' गुलमंडीवर तर मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडले. लोक गॅलरीत आले, पोरं रिक्षामागं पळाली. आणि जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोण आलं? कुणी नाय! एक म्हातारा तेवढा आला, म्हणाला, बाई, घरात बाळंतीण आहे, भोंगा कमी करा.

सांग आता, ही काय माणुसकी झाली? ज्या बाईनं इतकं केलं तिच्या नावानं हाक मारली तर एकानंही वळून बघू नये? मला तर रडूच आलं रिक्षात. कमरोद्दीन वर हसतोय. काय हसतो म्हटलं तर सांगत नाय, हलकट.

आणि तू ते नावाचं काय विचारलंस? अगं येडे, तुझं नाव तर रोज! प्रार्थना झाली की पहिलं तुझंच नाव. बास, टपालाची पेटी उघडायची वेळ झाली, पळते.

शहजादी आपा


नागपूर,
१७ फेब्रुवारी

आपा! अहो आपा!

तुम्ही बहिऱ्यांना बोलवायला भोंगा लावलात?

मी ड्यूटीवर पत्र उघडलं आणि डोक्यावरचा हेडफोन पडेपर्यंत हसले. शेजारच्या दोघींना वाचून दाखवलं, त्याही हसायला लागल्या. तिकडं अकोल्याचा माणूस ट्रंक कॉल लावून ओरडतोय आणि इकडं आम्ही तिघी डोळे पुसतोय. सगळा जन्म त्या पोरांत काढलात ना तुम्ही? आणि गुलमंडीवर शिरा ताणून ओरडलात! बिचाऱ्यांना बेइमान म्हणालात! कमरोद्दीनला माझ्याकडून एक चहा पाजा.

आता नीट ऐका, मला एक आठवलंय. मी लहान असताना आईबरोबर बाजारात गेले की शाळेतलं कुणी ना कुणी लांबून दिसायचंच. ते पोरगं नावानं कसं हाक मारणार? ते नुसतं गळ्यावर तळहात ठेवायचं. आई पण इकडून तसाच ठेवायची, आणि मग दोघंही हसायची. ती आईची खूण होती. ती पोरांचा हात आपल्या गळ्यावर ठेवून त्यांना आवाज दाखवायची ना, म्हणून. त्यांच्यात कुणाला नावानं कोण ओळखतं, आपा? तुम्ही नावं पुकारत बसलात. खूण करा! बाजारात उभ्या राहा आणि गळ्यावर हात ठेवा. बघा काय होतं, आणि मला लगेच कळवा. माझा जीव नुसता खालीवर होतोय.

पण तुमची शेवटची ओळ वाचून माझं हसू थांबलं. माझं मन राखायला तुम्ही लिहिलंत, हे कळतं मला. तुम्ही 'एकदा काढलं होतं' म्हणाला असतात ना, तर मी विश्वास ठेवला असता. 'रोज' म्हणालात तिथंच पकडले गेलात. आपा, मला खोट्यानं समजावू नका. त्यापेक्षा नाही म्हणा, मी सहन करीन.

पमा


औरंगाबाद,
२६ फेब्रुवारी

पमे,

सापडले! सापडले! सापडले!

मी तुझ्यावर रागावलेय, ते खाली लिहिते. आधी हे वाच.

कन्नडच्या बाजाराला गेले. भर गर्दीत, रसवंतीच्या बाजूला, एका उलट्या टोपलीवर चढले आणि गळ्यावर हात ठेवून उभी राहिले. बराच वेळ झाला. लोक येऊन बघून जायले. एकीला वाटलं म्हातारीचा घसा धरलाय. तिनं पदराची गाठ सोडून मला लवंग दिली! मी ती तोंडात टाकली आणि हात तसाच ठेवला. कमरोद्दीन म्हणायला लागला, खाला, चला आता, लोक पैसे टाकतील. इतक्यात समोर कापडाच्या पालात शिलाई मशीनवर बसलेला एक माणूस उठला. दाढी पिकलेली. माझ्याकडं बघत राहिला. आणि पमे, त्यानं गळ्यावर हात ठेवला!

शमशाद गं! नाकातून शेंबूड गळायचा तो! त्यानं मला टोपलीवरून उचलूनच खाली घेतलं. मी रडतेय, तो रडतोय, आणि लवंगवाली आमच्याकडं बघून रडतेय, तिला काय कळलं कुणास ठाऊक.

आता पुढं ऐक. शमशादला सगळे माहीत! तुझ्या टेलिफोनला काय तार असेल, ह्यांच्यात त्याच्याहून पक्की तार आहे. एस.टी. स्टँडवर दोघं भेटले की हातानं सगळ्या जिल्ह्याच्या खबरा होतात. फकिरा अजिंठ्याला लेण्यांपाशी रंगीत दगड विकतो. फारूख इथंच शहरात गाड्यांना रंग मारतो, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून! त्याच्या दारावरून माझा भोंगा गेला होता! आणि रामकिसन, बाईंचा पहिला विद्यार्थी, वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या शिवतो. मी वैजापूरला पण जाऊन आले होते, नाव विचारलं तर सगळे म्हणाले, रामकिसन नावाचा कुणी नाय इथं. कसा असणार? तिथं त्याला मुक्या म्हणतात. शमशादनं दोन बोटांनी सुई ओढल्यासारखं केलं, ती रामकिसनची खूण. मग परत जाऊन तीच खूण मी यार्डातल्या हमालाला दाखवली, तर तो म्हणाला, मग असं सांगा की, मुक्या हवाय!

आता रागाचं. मी खोटी? चाळीस जणांची भाकरी भाजणारी बाई मी, मला एक खोटं बोलायला वेळ आहे का? आता मी एक अक्षर सांगणार नाय. बावीसला ये आणि माझं खोटं पकड. पकडलंस तर गुलमंडीवर त्याच भोंग्यातून तुझी माफी मागीन. नाय पकडलंस तर काय करायचं ते तू ठरव.

शहजादी


नागपूर,
५ मार्च

आपा,

येते! खोटं पकडायला येते!

खरं सांगू, तुमचं पत्र आल्यापासून माझं कामात लक्ष नाही. शमशादनं गळ्यावर हात ठेवला तिथं मी जागेवरून उठूनच उभी राहिले. रजा मंजूर झाली. साहेब म्हणाले, कशाला पाहिजे? मी म्हटलं, आईच्या पोरांना भेटायला. ते म्हणाले, म्हणजे तुमची भावंडं? मी हो म्हणून टाकलं.

भीती पण वाटते हं. तुम्ही खोट्या निघालात तर मी काय करीन, ते मला माहीत नाही. म्हणून मागच्या बाजूला बसवा, फाटकाजवळ. उठून जायला सोपं.

पमा


औरंगाबाद,
१२ मार्च

पमे,

हे घाईत लिहितेय. मटणाचा नान-खलिया मी स्वतः करणार, माळकरी मंडळींसाठी शेजारच्या द्वारकाबाई पुऱ्या-भाजी करणार. मोठं पातेलं मिळालं. भोंगा परत केला.

भाषण करायला संस्थेचे तात्यासाहेब येतो म्हणाले. मी म्हटलं, जरूर या, पण उजेडाकडं तोंड करून उभं राहा, सावकाश बोला, आणि मिशा कापून या. त्या झुडपामागं ओठ दिसणार नायत, पोरांनी वाचायचं काय? मिशांवर हात ठेवूनच ते उठले. बहुतेक येत नायत.

खुर्ची फाटकाजवळ ठेवतेय. पण तू उठून जायची नायस, लिहून घे माझ्याकडून.

शहजादी आपा


नागपूर,
२८ मार्च

आपा,

निघताना तुमच्या गळ्यात पडून मी नुसती रडत होते, तुम्हाला काहीच सांगितलं नाही. तुम्ही मागं पातेल्यापाशी होतात. तुम्हाला वाटत असेल, मी आले, जेवले, रडले आणि गेले. पण पुढच्या अंगणात काय झालं ते तुम्हाला माहीतच नाही. ऐका.

मी फाटकातून आत आले आणि थबकलेच. अंगण माणसांनी भरलेलं, सगळे नुसते हसतायत, एकमेकांच्या पाठी थोपटतायत, हात तर असे चाललेत की बघणाऱ्याला चक्कर यावी. आणि गलका नाही! अधूनमधून कुणाचं खदाखदा हसणं तेवढं. मी त्या खुर्चीशी उभी राहिले. म्हटलं, इथं आपलं कुणी नाही. खरंच निघणार होते, आपा. पिशवी उचलली होती.

तेवढ्यात एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोकं अर्धं पांढरं, बोटांना सुतळीचे घट्टे. माझ्या तोंडाकडं निरखून बघायला लागला. मग त्यानं गळ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बोट केलं. म्हणजे, बाईंची? मी मान हलवली. त्यानं काय करावं? पुढं होऊन माझी हनुवटी धरली! अगदी आई धरायची तशी. खिशातून एस.टी.चं तिकीट काढलं, आपल्या ओठांसमोर उभं धरलं, आणि ओठ मिटून फट्‌दिशी उघडले. 'प'. तिकीट हललं. मग 'म' नाकात घुमतो ते दाखवायला बोट नाकाला लावलं. 'मा'.

मला वाटलं, भास झाला. त्यानं पुन्हा म्हटलं. 'पमा.' आणि हात वर करून सगळ्यांना वळवलं, माझ्याकडं बोट दाखवलं. आपा, सगळं अंगण थांबलं. मग शमशाद म्हणाला, 'पमा.' अजिंठ्याचा फकिरा म्हणाला. फारूख म्हणाला. मागून एक लठ्ठशी बाई माणसांना ढकलत पुढं आली आणि म्हणाली. कुणाचा आवाज नाकातून, कुणाचा बिजागरी कुरकुरावी तसा, कुणाचा तर नुसता वाराच. पण ओठ सगळ्यांचे एकसारखे होते. माझ्या आईचे होते.

ते रामकिसन, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी रडत होते आणि हातानं विचारत होते, कसं, कधी? ते मला ओढत वर्गात घेऊन गेले. खडू घेतला. आधी पाळणा हलवून दाखवला, मग आपल्या कमरेखाली हात धरला, म्हणजे तेव्हा ते स्वतः एवढेसे होते. आणि फळ्यावर लिहिलं. ते अक्षर मला अजून दिसतंय:

'बाईनी बाळ शाळेत आणलं. मी विचारलं कोण. बाई म्हणाली प्रमिला. मला नाय आलं. लई वेळ नाय आलं. मी रडलो. बाई म्हणाली पमा. आलं.'

त्याखाली एक रेघ मारून लिहिलं, 'माझा पहिला शब्द.' मग बाहेरच्या सगळ्यांकडं हात फिरवून लिहिलं, 'सगळ्यांचा.'

आपा, तुम्ही शाळेत आलात तेव्हा ही रीत पडलेलीच होती, म्हणून तुम्हालाही हे ठाऊक नसणार. मी पाळण्यात प्रमिला होते, कागदावर अजूनही आहे. रामकिसनच्या तोंडात मावेना म्हणून आईनं माझं नाव कापून तेवढं केलं, आणि तेच घरी आणलं. मी फळ्यावर विचारलं, 'आई' का नाही शिकवला आधी? ते हसले. आपल्या ओठांवर बोट फिरवून मान हलवली. 'आई' म्हणताना ओठांवर काही दिसतच नाही, पोरांनी बघून शिकायचं कसं? 'पमा' दिसतो.

आणि मी जन्मभर कुढत बसले, की ती मला वर्गातल्या पोरांसारखी हाक मारते! अहो, दिवसभर पोरांसमोर तेच नाव घेऊन घेऊन तिच्या ओठांना दुसऱ्या तऱ्हेनं म्हणायची सवयच उरली नव्हती. सकाळी प्रार्थना झाली की मी. नवं पोरगं आलं की मी. कुणाला काही येईना झालं की परत पहिल्यापासून, म्हणजे परत मीच. माझ्या बक्षिसाला ती आली नाही, त्याचं आजही वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशीसुद्धा तिच्या तोंडात कोण होतं, ते आता मला माहीत आहे.

तेव्हा आपा, तुम्ही खऱ्या. 'रोज' म्हणजे रोजच. मी हरले. काय करायचं ते मी ठरवायचं होतं ना? मी औरंगाबादला बदलीचा अर्ज टाकलाय. रविवारी माझी सुट्टी तुमची. मला हातानं बोलायला शिकवा, पहिल्या धड्यापासून. रामकिसनना विचारायच्या आणखी पुष्कळ गोष्टी राहिल्यात.

काल पहिल्यांदा परत ड्यूटीवर बसले. अकोल्याची ऑपरेटर म्हणाली, 'नागपूर, कोण बोलतंय?' रोज मी प्रमिला म्हणून सांगते. ते एस.टी.चं तिकीट रामकिसननी माझ्याच हातात ठेवलंय. मी ते ओठांसमोर उभं धरलं, आणि अगदी सावकाश म्हटलं, 'पमा.'

तिकीट हललं.

तुमची
पमा